सिली मिस्टेक

गणिताच्या शिकवणीला मूल येत नाही, आणलं जातं. चित्रकलेच्या क्लाससाठी मुलं हट्ट करतात, पोहायला जायचं म्हटलं की सकाळी सहाला आपणहून उठतात. पण "आई, मला गणिताच्या शिकवणीला घाल" असं म्हणणारं मूल आमच्या डोंबिवलीत तरी माझ्या पाहण्यात नाही. आणण्याची तऱ्हाही इयत्तेप्रमाणे बदलते. तिसरीतलं मूल आजीचं बोट धरून येतं आणि दप्तर आजीच्या खांद्यावर असतं. सहावीतल्याला आई स्कूटीवरून फाटकाशी सोडते आणि तो खरंच जिना चढतोय ना, हे खालून बघत उभी राहते. दहावीतल्याला घेऊन वडील येतात. तेही पहिल्या घटक चाचणीचे मार्क कळल्यावर, कल्याण फास्टमधून उतरून थेट, ऑफिसची बॅग पाठीला तशीच.

आणणारं माणूस कुणीही असो, पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "त्याला येतं हो सगळं, फक्त सिली मिस्टेक्स करतो." हे वाक्य मराठी माध्यमाच्या आया म्हणतात, इंग्रजी माध्यमाचे वडील म्हणतात, आणि ज्यांनी आयुष्यात दुसरं एकही इंग्रजी वाक्य उच्चारलेलं नाही अशा आज्याही म्हणतात. त्यानंतर दुसरं वाक्य येतं, तेही ठरलेलंच: "आमच्या घरात कुणालाच गणित नव्हतं." हे सांगताना चेहऱ्यावर किंचित अभिमान असतो. आमच्या घरात कुणालाच वाचता येत नव्हतं, असं याच सुरात कुणी सांगत नाही. दोन्ही वाक्यं एका दमात म्हणणाऱ्यांना मी चहा देते, कारण त्या दोन वाक्यांचा मेळ घालायला वेळ लागतो.

पुष्कळ मुलांच्या पुष्कळ वह्या बघून माझं एक मत झालं आहे आणि ते मी पालकांना पहिल्या भेटीत सांगत नाही, नाहीतर शिकवणी सुरूच व्हायची नाही. मत असं की सिली मिस्टेक नावाची वस्तू या जगात जवळजवळ नसते. मुलाचं चुकलेलं उत्तर हे बहुतेक वेळा बरोबर उत्तर असतं. फक्त ते आपण विचारलेल्या प्रश्नाचं नसतं.

तिसरीतल्या एका मुलीच्या वहीत वजाबाक्यांचं पान होतं. ५२ वजा ३७, उत्तर २५. शेजारी शाळेतल्या बाईंची लाल फुली. खाली ८४ वजा ५६, उत्तर ३२, फुली. मी विचारलं, "कसं केलंस गं?"

"सातातून दोन गेले पाच. पाचातून तीन गेले दोन."

"पण सात खाली आहेत आणि दोन वर."

तिने माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. "काकू, दोनातून सात जातात का कधी? मोठ्यातून लहान जातो. म्हणून सातातून दोन घालवायचे."

मोठ्यातून लहान जातो हे तिला कुणी सांगितलं? शाळेने सांगितलं, घरी सांगितलं, पहिलीच्या वर्षात रोज सांगितलं. तिने ते मनापासून ऐकलं आणि पानभर पाळलं. ज्या वजाबाक्यांत दशक उसना घ्यावा लागत नव्हता त्या सगळ्या बरोबर आल्या होत्या आणि जिथे लागत होता त्या सगळ्या एकाच रीतीने चुकल्या होत्या. इतकी शिस्त मला माझ्या स्वयंपाकघरातही राखता येत नाही. आणि याला आपण वेंधळेपणा म्हणतो.

खरं सांगायचं तर शालेय गणित ही हप्त्याहप्त्याने मागे घेतलेल्या थापांची मालिका आहे. लहान संख्येतून मोठी संख्या जात नाही, असं आम्ही पहिलीत ठणकावून सांगतो. सहावीत पूर्णांक संख्यांचं प्रकरण आलं की म्हणतो, जाते की, ३ वजा ५ बरोबर ऋण २, त्यात काय? गुणाकार केला की संख्या वाढते आणि भागाकार केला की कमी होते, हे पाढे पाठ करता करता मुलाच्या हाडीमांसी खिळतं, आणि मग एके दिवशी अपूर्णांक येऊन अर्ध्याला अर्ध्याने गुणून पाव करतात. ऋण संख्येला वर्गमूळ नसतं ही थाप दहावीपर्यंत टिकते. अकरावीत संमिश्र संख्या येतात आणि तीही जाते. आम्हा शिकवणाऱ्यांना दुसरा इलाज नसतो. सहा वर्षांच्या पोराला सगळं खरं एकदम सांगायला गेलो तर ते शाळा सोडून पळेल. पण पहिला हप्ता ज्याने इमानाने पाळला, त्याच्या वहीवर दुसऱ्या हप्त्याच्या वेळी फुली पडते, आणि ज्याने पहिल्यांदाच नीट ऐकलं नव्हतं तो कधीकधी सुटतो. हे मला अजून पटलेलं नाही.

माझी शिकवणी म्हणजे जेवणाचं टेबल. संध्याकाळी पाच ते सात त्यावर जेवण नसतं. एकाच वेळी तिसरीची, सहावीचा, आठवीचा आणि दहावीचा अशी मंडळी बसलेली असतात. शिवाय कुणी मराठी माध्यमाचं, कुणी सेमी इंग्रजीचं, कुणी सीबीएसईचं. त्यामुळे एकाच अपूर्णांकाला टेबलाच्या या बाजूला छेद असतो आणि त्या बाजूला डिनॉमिनेटर. "त्रेसष्ट म्हणजे किती?" असं इंग्रजी माध्यमाचा मराठी मुलगा विचारतो तेव्हा मराठी माध्यमाची मुलगी खो खो हसते, आणि मग स्वतः त्रेसष्ट लिहिताना आधी ३ लिहिते, मग त्याच्या पुढे ६. तिचं काय चुकलं? कानावर तीन आधी आला.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' अशीही वाचायची रीत दिली तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता! विधिमंडळापर्यंत विषय गेला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की जुनी रीत काढून टाकलेली नाही, जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमाने अडखळणाऱ्या मुलांना आधार म्हणून ही दुसरी दिली आहे. ऐकून घ्यायला कुणाला सवड नव्हती. साठ तीन हे माझ्याही कानाला खटकतं, पण ज्यांनी एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत गोंधळलेलं पोर कधी जवळ बसवून घेतलेलं नाही, त्यांचा त्या चर्चेतला उत्साह मला जास्त खटकला.

एकाच टेबलावर चार इयत्ता बसवण्याचा मोठा फायदा असा की दहावीच्या मुलाला चौथीचं गणित त्याचा मान राखून शिकवता येतं. दहावीत अडलेल्या दहा मुलांपैकी निदान सातजण दहावीच्या गणितात अडलेले नसतातच. अपूर्णांकात अडलेले असतात, आणि ते कबूल करणं मिसरूड फुटलेल्या माणसाला शक्य नसतं. "चल, आपण परत छेद समान करू या" असं त्याला म्हटलं तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही. तेव्हा मी चौथीच्या मुलीला शिकवते, जरा मोठ्या आवाजात. दहावीतला वर्गसमीकरणावर पेन्सिल टेकवून बसलेला असतो, मान खाली, कान मात्र टेबलाच्या पलीकडे.

असंच एकदा ती चौथीतली भांडायला उठली. अर्धा भागिले पाव, उत्तर दोन. "भागाकार करून वाढलं कसं? तुम्हीच म्हणाला होतात कमी होतं." मी उत्तर द्यायच्या आत दहावीतल्याने मान वर न करता विचारलं, "अर्धा लिटर दुधातून पाव लिटरचे ग्लास किती भरतील?"

"दोन."

"मग झालं तर."

तिचं झालं, आणि त्याचंही त्याच क्षणी झालं हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. आतापर्यंत तो 'उलटा करून गुणायचं' एवढंच करत आला होता. मी काही बोलले नाही. अशा वेळी कौतुक केलं तर सगळं नासतं.

सहावीतला मात्र क्रिकेटवाला. दशांश अपूर्णांकांच्या बेरजेत त्याने ४.३ अधिक २.४ बरोबर ७.१ लिहिलं होतं. शाळेत फुली, घरी ओरडा. मी कागद घेऊन बसले आणि बराच वेळ काही लागेना. हातचा चुकला म्हणावं तर इथे हातचा नाहीच. शेवटी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "चार षटकं तीन चेंडू आणि दोन षटकं चार चेंडू. सात चेंडू झाले, म्हणजे एक षटक आणि एक चेंडू. सात पूर्णांक एक." टीव्हीवर रोज दिसणाऱ्या आकड्यात टिंबानंतर सहाच चेंडू असतात आणि पुस्तकातल्या आकड्यात टिंबानंतर दहा भाग असतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. टिंब दोन्हीकडे अगदी सारखं. त्याची बेरीज कुठल्याही स्कोअररने मान डोलवावी इतकी बिनचूक होती. याच मुलाचा सख्खा भाऊ वाटावा असा आठवीतला एकजण अडीच तास हे २.३० लिहायचा आणि मग ताशी ४० किलोमीटरने गाडी ९२ किलोमीटर जायची. घड्याळात साठ मिनिटं, षटकात सहा चेंडू, दशांशात दहा. मुलांनी तरी किती मालकांची नोकरी करायची?

याच सहावीतल्याने पुढे १/३ अधिक १/४ बरोबर २/७ लिहिलं, तेव्हा मी आता सावध होते. "मॅचेस ना?" मी म्हटलं. "हो. पहिल्या सिरीजमध्ये तीनपैकी एक जिंकली, दुसरीत चारपैकी एक. एकूण सातपैकी दोन." बरोबर आहे. मॅचेस अशाच मोजतात. भाकरीचे तुकडे तसे मोजत नाहीत, कारण तिथे दोन्ही तुकडे सारख्याच भाकरीचे असतात आणि दोन तुकडे जोडून सातांत दोनांपेक्षा जास्त होतात; तेही त्याला तुकडे मांडून पटलं. पण मला त्याच्या वहीवर फुली मारवेना. मी शेजारी लिहिलं, 'हे मॅचेसचं.' त्याच्या आईने दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं की हे शाळेच्या पोर्शनमध्ये आहे का.

दहावीची गोष्ट वेगळी. दहावीत गणिताचे दोन भाग होतात, बीजगणित आणि भूमिती, प्रत्येकी चाळीस मार्कांची लेखी परीक्षा, आणि घरातला टीव्ही बंद. या वर्षी मूल गणित सोडवत नाही, पेपर सोडवतं. प्रमेय पाठ केलेलं असतं, पक्ष, साध्य, सिद्धता आणि त्रिकोण एबीसीसह. पेपरात त्रिकोण पीक्यूआर आला की पायाखालची जमीन सरकते. एकाला मी पायथागोरसचा त्रिकोण जरा तिरका काढून दाखवला, काटकोन वर आणि कर्ण खाली, तर म्हणाला, "हा पायथागोरसचा नाही."

वर्गसमीकरणात दोन उत्तरं येतात आणि त्यातलं ऋण उत्तर कापायचं असतं, हीही दहावीची एक श्रद्धा. वेगाच्या, लांबीच्या, वयाच्या उदाहरणांत ती ठीकच आहे. पण 'एका संख्येत तिचा वर्ग मिळवला तर ४२ होतात, ती संख्या काढा' यात ६ आणि ऋण ७ अशी उत्तरं आली, तेव्हा माझ्या विद्यार्थ्याने ऋण ७ वर रेघ मारून बाजूला सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पण संख्या ऋण असू शकत नाही.' ज्या मुलाला सहावीत आम्ही ऋण संख्यांवर अख्खं प्रकरण शिकवलं, त्यानेच. मी म्हटलं, "ऋण सातचा वर्ग किती?" "एकोणपन्नास." "त्यात ऋण सात मिळवले?" "बेचाळीस." बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "पण मॅडम, ऋण कापलं नाही तर मार्क कापतील."

याला मी काय सांगणार? ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये धन आणि ऋण संख्यांचे नियम लिहून ठेवले, ऋण गुणिले ऋण धन हेसुद्धा, आणि चौदाशे वर्षांनी आमच्या मुलाला ऋण संख्येची भीती नाही वाटत, तपासनिसाची वाटते.

वरच्या वर्गांतली प्रत्येक गाठ अशी चटकन सापडत नाही. सातवीतली एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखं, पाढे तीसपर्यंत पाठ, आणि गुणाकार मात्र हमखास चुकीचा. ३०५ गुणिले ४ बरोबर १४०. आई म्हणे लक्ष नसतं, शाळा म्हणे सराव नाही. कितीतरी संध्याकाळी बसल्यावर लक्षात आलं की मधलं शून्य दिसलं की ती ते 'काही नाही' म्हणून वगळायची आणि ३५ला चाराने गुणायची. आईला खोदून विचारलं तेव्हा कळलं, दुसरीत असताना कावीळ होऊन ती दीड महिना शाळेत गेली नव्हती. वर्गात शतकाच्या घराचं काय चाललं होतं हे तिला कुणी परत सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही. ती मुलगी पाच वर्षं शून्य गाळत होती. मण्यांच्या माळा आणि सुटे मणी घेऊन बसलो, दहांची घरं मांडली, आणि ते कोडं सुटायला फार दिवस लागले नाहीत. कठीण गेलं ते ती मंद नाही हे तिला पटवणं. ते अजून चालू आहे.

आठवीतल्यांची पंचाईत निराळी. ते हुशार होऊ लागलेले असतात. शेकडेवारी शिकवत होते तेव्हा फडके रोडवरच्या दुकानांत सणाचे सेल लागले होते. '५० टक्के अधिक २० टक्के सूट' म्हणजे ७० टक्के नव्हे, ६० टक्के, हे मी हजार रुपयांच्या कुर्त्यावर दाखवलं. आधी पाचशे, मग पाचशेवर वीस टक्के, म्हणजे चारशेला कुर्ता. मुलं दुकानदारावर खवळली. त्याच महिन्यात गणपतीच्या सुट्टीमुळे शिकवणी बरीच बुडाली होती. महिन्याच्या शेवटी त्यांच्यातला एकजण वहीतला कागद घेऊन आला. त्रैराशिक मांडून त्याने झालेल्या दिवसांची फी काढली होती, पैशापर्यंत बिनचूक, शिवाय उत्तराखाली दोन रेघा. मी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि फी पूर्ण घेतली.

अधूनमधून सोडायला आलेले आजोबा टेबलाशी खुर्ची ओढून बसतात. त्यांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ केलेली. रुपयाचे सोळा आणे असताना बाजारात त्याशिवाय गत्यंतर नव्हतं. १९५७ साली नवे पैसे आले आणि हळूहळू त्या पाढ्यांचं काम संपलं. "अठरा अडीच?" एका नातवाने मोबाइल काढायच्या आत आजोबा म्हणाले, "पंचेचाळीस." नातू प्रभावित झाला आणि त्याने विचारलं, "कसं काढलंत?" आजोबा गोंधळले. काढलंच नव्हतं, ते आतच होतं. मग दोघांनी मिळून अठरा दुणे छत्तीस आणि अठराचे निम्मे नऊ असं मांडलं, तेव्हा आजोबांना आपलं उत्तर सत्तर वर्षांनी पटलं.

घरगुती शिकवणीचं आपल्याकडचं सगळ्यात नामांकित उदाहरण भास्कराचार्यांचं म्हणावं लागेल. १११४चा जन्म, आणि छत्तिसाव्या वर्षी ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणि' लिहून पूर्ण. त्यातल्या 'लीलावती'त ते मधूनच 'बाले' म्हणून हाक मारून गणित विचारतात. लीलावती ही त्यांची मुलगी आणि घटिकापात्रात मोती पडून तिचा लग्नमुहूर्त टळला ही कथा फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरातून पसरली. ती खरी असो नसो, समोर कुणीतरी बसलं आहे असं धरून लिहिलेलं ते पुस्तक आहे. त्यातलं मोराचं उदाहरण मी नववी-दहावीला घालते. नऊ हात उंच खांबावर मोर, खांबाच्या बुंध्याशी सापाचं बीळ, आणि साप खांबापासून सत्तावीस हातांवरून बिळाकडे येतो आहे. मोर झेप घेतो. दोघं सारखंच अंतर कापून भेटतात, तर बिळापासून किती हातांवर? उत्तर बारा हात. पण वर्गात उत्तर निघण्याआधी प्रश्न निघतात. मोर तिरपा उडतो पण सरळ रेषेत कसा? साप मागे का फिरत नाही? मोराचा आणि सापाचा वेग सारखा कसा असेल? एका मुलीने विचारलं, "बारा हातांवर आल्यावर बिळात शिरायचं राहिलंच ना मग?" राहिलंच.

भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तेराव्या शतकाच्या सुरुवातीला चाळीसगावजवळच्या पाटणला आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. तसा शिलालेखच आहे. आजोबांच्या पुस्तकांचा क्लास काढणारा हा नातू मला फार आवडतो. त्याहून आवडतो तो लेखाचा मराठी भाग, ज्यात मठाच्या खर्चाची सोय सांगितली आहे: पाटणच्या पेठेत जो माल उघडेल त्यावर ग्राहकाकडून राजाला मिळणारा वाटा मठाला द्यावा. फीचा प्रश्न तेव्हाही होता, आणि तो आठवीतल्या मुलाच्या हाती न देता राजाने सोडवला, हे शहाणपणाचं झालं. दहावीला अर्थनियोजनात जीएसटी शिकवताना मी हे हमखास सांगते. परीक्षेत येत नाही, त्यामुळे सगळ्यांच्या लक्षात राहतं.

आणखी एका मास्तरांचं नाव आमच्या टेबलावर नेहमी निघतं. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूला जन्म, आणि उभी हयात नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर. मोठी पदवी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. संख्यांशी खेळायचा नाद मात्र जबर. अनेक व्यावसायिक गणितज्ञांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला ते ठाऊक झाले. त्यांच्या एका संख्याप्रकाराचं नाव डेम्लो. जीआयपी रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवर डेम्लो नावाच्या स्टेशनात त्यांना ती कल्पना सुचली. डेम्लो म्हणजे आमची डोंबिवली. ११चा वर्ग १२१, १११चा १२३२१, ११११चा १२३४३२१. या त्यांच्या 'अद्भुत डेम्लो संख्या'. फलाट क्रमांक पाचवर चढायला जागा मिळावी एवढ्याच विवंचनेत उभ्या असलेल्या वडिलांना मी हे सांगून पाहिलं आहे. मुलांना जास्त आवडतं.

त्यांची ६१७४ ही संख्या तर प्रसिद्धच. चारही अंक सारखे नसतील अशी कुठलीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. त्यापुढे कितीही केलं तरी ६१७४च. जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. पाऊस पडत असला आणि वीज गेलेली असली की टेबलावर चारही इयत्तांना मी हेच देते. तिसरीची आणि दहावीचा एकमेकांशी शर्यत लावतात आणि दहावीचा दरवेळी जिंकतोच असं नाही.

एकदा सहावीतला क्रिकेटवाला ओरडला, "काकू, कापरेकर चुकले! माझं शून्य आलं." त्याने १११२ घेतले होते. २१११ वजा १११२ बरोबर ९९९. पुढे ९९९ वजा ९९९, शून्य. मी म्हटलं, "आकडे चार होते, तीन कसे झाले?" तो म्हणाला, "०९९९ होते. पण डावीकडच्या शून्याला किंमत नसते, असं तुम्हीच सांगितलं होतं." सांगितलं होतंच. तो आणखी एक हप्ता. शून्य परत ठेवलं, ९९९० वजा ०९९९ केलं, ८९९१ आले, मग ८०८२, ८५३२ आणि ६१७४. मधल्या शून्याची ती सातवीतली मुलगी शेजारीच बसली होती. तिने त्याच्याकडे असं काही पाहिलं की पुढचे दोन दिवस तो गप्प होता.

तुम्हीही करून बघा. विजेच्या बिलाच्या पाठीमागे जागा असते. आपल्या जन्माचं साल घ्या, गाडीचा नंबर घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झालं. सात पायऱ्यांत ६१७४ आले नाहीत तर कापरेकरांना नावं ठेवू नका आणि आपल्याकडून सिली मिस्टेक झाली असंही म्हणू नका. एकतर तुम्ही शून्य गाळलं असेल, नाहीतर दशक उसना न घेता मोठ्यातून लहान वजा केला असेल. दोन्ही तुम्हाला कुणीतरी शिकवलेलं आहे.